समुद्राकाठी अख्खं घर हवंय : डॉल्फिन, कासवं, खडकांतले जीव... कुठे आणि कधी?

निवांतनीला
नमस्कार मंडळी. कोकणात समुद्राकाठी चार-पाच दिवसांसाठी अख्खं घर भाड्याने घ्यायचं चाललंय. माणसं आठ. सासूबाईंचे गुडघे दुखरे, त्यामुळे वाळूत लांब चालणं नाही. नणदेचा मुलगा सहावीत आहे आणि त्याला सध्या समुद्री प्राण्यांशिवाय दुसरं काही सुचत नाही. डॉल्फिन, कासवाची पिल्लं, प्रवाळ, ऑक्टोपस, देवमासा अशी यादी वहीत तयार आहे. देवमाशाचं आपल्या हातात नाही, एवढं मी त्याला सांगून ठेवलंय.

हॉटेल नको, घरच हवं. पुरुषमंडळींचा आग्रह नाताळच्या सुट्टीचा आहे. रत्नागिरी की सिंधुदुर्ग, आणि घर बघताना काय विचारायचं, ते सांगा.

माडाखाली
वेळास! डोळे झाकून वेळास. कासवाचं पिल्लू पाण्याकडे निघालं की मोठी माणसंसुद्धा लहान होतात. घरोघरी राहायची सोय आहे.

कांदळकाठी
माडाखाली, डोळे उघडून कॅलेंडर बघा. नाताळात पिल्लं कुठली?

ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या आपल्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत अंडी घालायला येतात. एका खड्ड्यात शंभराच्या पुढेमागे अंडी, आणि उबायला ४५ ते ६० दिवस. म्हणजे डिसेंबरचं घरटं फेब्रुवारीत फुटणार. पिल्लं बघायचा खरा काळ फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. वेळास, आंजर्ले, गुहागर, तिकडे सिंधुदुर्गात वायंगणी आणि तांबळडेग, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच गणित. शिवाय रोज पिल्लं निघतीलच असंही नाही. जाण्याआधी गावात फोन करून 'कुठल्या तारखेची घरटी भरत आलीत' हे विचारायचं. घरट्यावर तारीख लिहून ठेवलेली असते, त्यामुळे बऱ्यापैकी अंदाज मिळतो.

आणि नीलाताई, वेळासला घर घ्याल तर डॉल्फिन, प्रवाळ वगैरे मालवणकडची यादी विसरा. मंडणगड तालुक्यातून मालवणला जाण्यात अख्खा दिवस गाडीत जातो. एका सुट्टीत दोन्ही टोकं करू पाहणारे लोक शेवटी महामार्गच बघून येतात.

निवांतनीला
अरे देवा. म्हणजे नाताळ म्हटलं की कासवं बाद?

कांदळकाठी
पिल्लं बाद. नाताळात पाणी मात्र बरं असतं. पावसाळ्याचा गढूळपणा बसलेला, हवा थंड, किनाऱ्यावर स्थलांतरित कुरवांचे थवे. प्रवाळ आणि मासे बघायला तो काळ उत्तम, डॉल्फिनही दिसतात. तेव्हा आधी यादीतलं काय सोडायचं ते ठरवा. घर त्यानंतर.

मालवणीखाजा
नीलाताय, मालवणाजवळच्या देवबागात घर घेतल्यात तर एक बरा. एका बाजूक समुद्र, दुसऱ्या बाजूक कर्लीची खाडी. म्हाताऱ्या माणसांका वाळूत चलूक नको, खाडीच्या बाजूक खुर्ची टाकून बसल्यात तरी खंडये, बगळे, घारी सगळा दिसता. डॉल्फिन बघूचे तर सकाळी सातच्या आत होडयेत बसा. धा वाजल्यार वारो सुटता, मगे पाण्यार नुसतो फेस. लाट खयची आणि मासो खयचो, काय्येक कळना नाय.

पाणकावळा
खाजा यांच्याशी सहमत. पहाटेचा मतलई वारा पडतो आणि खारा वारा अजून उठलेला नसतो, त्या मधल्या वेळात पाणी तेलासारखं गुळगुळीत असतं. पाठीचा पंख वर आला की लांबूनही दिसतो.

मुलाला आधी सांगून ठेवा की टीव्हीवरच्यासारख्या उड्या बघायला मिळतीलच असं नाही. आपल्या किनाऱ्यालगत जे दिसतात ते बहुतेक हंपबॅक डॉल्फिन. करडा रंग, पाठीवर लांबट उंचवटा आणि त्यावर छोटा पंख. उथळ पाण्यात, खाडीच्या मुखाशी राहायला त्यांना आवडतं. खाडीतून मासे बाहेर येतात, तिथेच यांची पंगत. श्वास घ्यायला वर येतात, पाठ गोल फिरते, पुन्हा खाली. ही जात जागतिक यादीत 'धोक्यात' या वर्गात आहे. दुसरा एक प्राणी पंखच नसलेला, फिनलेस पॉरपॉइज. तो इतका लाजाळू की दिसला तर नशीब समजा. खोल पाण्यात ब्राइड्स देवमासेही सिंधुदुर्गासमोर नोंदले गेलेत, पण त्यासाठी सहल आखू नका.

टळटळीतदुपार
आम्ही गेलो होतो तिकडे. आमच्या होडीसकट पाच-सहा होड्या एकाच डॉल्फिनमागे. शिट्ट्या, आरडाओरडा, इंजिनाचा धूर. दोनदा पाठ दिसली आणि खेळ खलास. माझ्या मते डॉल्फिन सफर हा निव्वळ फसवणुकीचा धंदा आहे.

मालवणीखाजा
धंदो म्हणजे काय ओ? पोटाक करतंत लोक. डॉल्फिन दाखवल्यान नाय तर तुमीच पैशे परत मागतल्यात, मगे तो बिचारो पाठीमागे पळवतलोच.

टळटळीतदुपार
पैसे परत मागायचा प्रश्नच नाही. प्राण्याच्या अंगावर होडी घालू नका, इतकंच म्हणणं.

पाणकावळा
दोघांचंही बरोबर आहे, आणि तोडगा होडीत बसण्याआधीच निघतो. नाखव्याला निघण्यापूर्वी सांगायचं, 'दादा, डॉल्फिन दिसले नाहीत तरी ठरलेले पैसे पूर्ण. पण दिसले की इंजिन मंद करा, पन्नास-शंभर मीटर लांबून समांतर चला, समोरून आडवं जाऊ नका.' वाक्य दोन मिनिटांचं, फरक जमीन-अस्मानाचा. पळवलं नाही तर बऱ्याचदा तेच होडीच्या आसपास येतात. पिल्लू सोबत असेल तर मुळीच मागे लागायचं नाही. पाठलागात आई आणि पिल्लाची ताटातूट होते.

होडी नकोच असेल तर निवती किल्ल्यावर जा, किंवा भोगव्याच्या उंचवट्यावर. दुर्बीण, टोपी, पाण्याची बाटली, आणि सकाळचे दोन तास. वरून बघताना कळप कुठून कुठे चालला आहे हे जसं कळतं तसं होडीतून कळत नाही. सुरय पक्षी एखाद्या जागी पुन्हापुन्हा पाण्यावर सूर मारत असतील तर नजर तिथे ठेवायची. खाली मासे असतात, आणि मासे आहेत तिथे हेही.

निवांतनीला
पाणकावळा, हे फार उपयोगी आहे. पण किल्ल्यावर सासूबाई कशा चढणार?

सुकीवाळू
त्यांना घराच्या ओट्यावर बसवा, आणि म्हणूनच ओटा कुठे उघडतो ते आधी बघा. माझं काम घरांच्या डागडुजीचं आहे, त्यामुळे मला घरांचंच बोलायचंय.

जाहिरातीत 'समुद्राला लागून' लिहिलेलं असतं. मालकाला विचारा, दारातून पाण्यापर्यंत जायचं कसं? मध्ये दुसऱ्याची वाडी, कुंपण, दगडी बंधारा, काय काय आहे? दुखऱ्या गुडघ्यांना बंधारा उतरणं म्हणजे शिक्षा. किनारा वाळूचा की खडकाचा? भरतीला वाळू शिल्लक राहते का? देवबागची पट्टी अरुंद आहे, पावसाळ्यात तिथे समुद्र जमीन खातो, त्यामुळे काही भागात दगडांचे बंधारे घातलेत. तिथलं घर वाईट असं मुळीच नाही, पण नेमकं कुठलं घर ते महत्त्वाचं.

विहिरीचं पाणी मचूळ आहे का, हे विचारलेलं बरं. साबणाला फेस आला नाही की सगळं घर कुरकुरतं. वीज गेली तर इन्व्हर्टर किती वेळ चालतो? आणि कृपया 'काचेच्या भिंतीतून समुद्र' वगैरेला भुलू नका. खाऱ्या हवेत बिजागरी, कड्या, पंखे, सगळं गंजतं. पाण्याच्या अगदी पुढ्यात नवं कोरं बांधकाम दिसलं तर तटरक्षक किनारा नियमांची परवानगी आहे का, ही शंका मला तरी येते. भरतीरेषेपासून ठरावीक अंतरात गावठाणाबाहेर बांधता येत नाही. जुनं जांभ्याचं, पडवी असलेलं घर, थोडं आत माडांत असलं तरी चालेल. चालत पाच मिनिटं. रात्री झोप लागते, नाहीतर उधाणाच्या आवाजाने पहिल्या रात्री घरातले निम्मे जागे.

कांदळकाठी
सुकीवाळू, 'किनारा नियमन क्षेत्र' म्हणायचंय ना? तटरक्षक दल वेगळं. :)

सुकीवाळू
हो हो, सीआरझेड. तेच ते.

जांभूळवाट
एक मुद्दा राहिला. दिवे. किनाऱ्याच्या तोंडाला घर घेतलंत तर समुद्राकडचे दिवे रात्री बंद ठेवा. मालक हौसेने हॅलोजन लावून ठेवतात. मादी अंधार शोधत वर येते, आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, कारण माणूस नव्हता तेव्हा पाण्यावरचं आकाशच सगळ्यात उजळ असायचं. आता उजेड मागच्या घरातून येतो. सगळी घरटी काही हॅचरीत (अंडी जपायच्या कुंपणात) नेलेली नसतात, एखादं नजरेतून सुटतंच.

ओहोटी
उशिरा आले, पण मला एक विचारायचंय. नीलाताई, तुम्ही नाताळच का धरून बसलात? होळीचा विचार केलात का?

सांगते का ते. खडकांतले जीव बघायचे तर मोठी ओहोटी लागते. मोठी ओहोटी पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत. अष्टमीच्या भांगाला पाणी धड वर चढत नाही आणि धड खालीही जात नाही. होळी म्हणजे पौर्णिमाच. तीही फाल्गुनातली, म्हणजे कासवांच्या हंगामाच्या मधोमध. एकाच सुट्टीत दोन्ही.

वेळ काढायची जुनी रीत आमच्याकडे अजून चालते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या सुमारास, ऐन उन्हात. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला, तेव्हा मार्चमध्ये अंधार असतो. धुळवडीला आणि तिच्या दुसऱ्या दिवशी ती सरकत सरकत साडेसहा-साताच्या पुढे येते. तेव्हा उजेड असतो आणि पाणीही चांगलं मागे गेलेलं असतं. ही रीत ढोबळ, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. त्यामुळे निघण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता बघा, आणि वेळेसोबत त्यातला मीटरचा आकडाही बघा. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. आकडा शून्याच्या जितका जवळ तितके खडक जास्त उघडे.

निवांतनीला
पाऊणपट! सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, 'आमचे अण्णा असंच सांगायचे.' त्यांचं माहेर गुहागरकडचं आहे, आणि मला हे कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं.

ओहोटी, खडकांत नेमकं काय आणि कसं बघायचं?

ओहोटी
सगळ्यात आधी, ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी पोचायचं आणि पाणी वळलं की निघायचं. पाणी मागे सरकत असताना त्याच्यासोबत पुढे जायचं. भरती लागल्यावर मागचा खळगा कधी भरतो ते कळत नाही. पायात बंद चपला, शेवाळावर पाय नको, पाठ समुद्राकडे नको.

मग एक डबकं निवडायचं, परातीएवढं पुरे, आणि त्याच्याशेजारी उकिडवं बसायचं. पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही. आपली सावली स्थिर झाली की एक शंख चालायला लागतो, म्हणजे आत शंखवासी खेकडा. तळाच्या वाळूचा तुकडा हलतो, तो गोबी मासा. कडेला चिकटलेला मऊसर गोळा पाण्याखाली आला की फुलतो, ते समुद्रफूल. त्याला बोट लावायचा मोह होतो, लावू नका. ऑक्टोपस दिसायचा तर त्याचं बीळ शोधा. दगडाच्या फटीपुढे खेकड्यांच्या कवचांचा आणि शिंपल्यांचा कचरा पडलेला दिसला की आत कोणीतरी जेवून बसलंय. दगड उलटवलाच तर होता तसा परत ठेवायचा. खालच्या बाजूला अंडी आणि स्पंज असतात, उन्हात मरतात.

आणि शंकूसारखा, सुंदर नक्षीचा शंख जिवंत असेल तर हातात घ्यायचाच नाही. कोन शंखाला विषारी बाण असतो. मुलांना हे घरातून निघतानाच सांगा, तिथे पोचल्यावर कोणी ऐकत नाही.

टळटळीतदुपार
मालवणच्या रॉक गार्डनला हे सगळं दिसतं का?

ओहोटी
खडक आहेत, गर्दीही आहे. सकाळी लवकर गेलात तर दिसतं. कुणकेश्वरच्या बाजूलाही खडकाळ पट्टे आहेत.

कांदळकाठी
ओहोटीबाईंनी पेच सोडवला की! होळीला घर कुठे घ्यायचं हा प्रश्न उरतो. माझं मत सिंधुदुर्ग, वेंगुर्ल्याच्या बाजूला. वायंगणीला कासवं, मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात. इंजिनाचा आवाज नाही, चिखलात निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) उड्या मारताना दिसतात, एक नांगी मोठी असलेले खेकडे दिसतात. सासूबाईंना बसल्या जागी हे सगळं बघता येईल. समोर वेंगुर्ला रॉक्सची बेटं, तिथल्या गुहांत भारतीय पाकोळ्या घरटी करतात. लांबूनच बघायची.

प्रवाळासाठी एक दिवस मालवण. १३ एप्रिल १९८७ रोजी घोषित झालेलं सागरी अभयारण्य तिथेच आहे, साधारण २९ चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाच्या भोवतीचं. पाण्यात उतरणार असाल तर दोन गोष्टी. प्रवाळावर उभं राहायचं नाही, आणि मासे जवळ यावेत म्हणून कोणी पाव टाकत असेल तर 'आम्हाला नको' म्हणायचं. फोटो थोडा रिकामा येईल, येऊ दे.

माडाखाली
होळीला कोकणात घर?? शिमगा आहे राव. चाकरमानी गावी, पालख्या घरोघर, मालकाचीच भावंडं मुंबईहून आलेली. रिकामं घर कुठलं मिळायला?

मालवणीखाजा
ह्यां खरा. दोन महिने आधी सांगल्याशिवाय गावचा नाय. पण शिमग्यात इल्यात तर गाव बघूक गावतला. घरमालकाक आधीच इचारा, पालखी कधी येतली. त्या दिवशी तेका फोन करून बादली-मग मागू नकात.

निवांतनीला
बरं, घरात चर्चा झाली. यजमान नाताळवर अडून होते, पण नणदेच्या मुलाने पंचांग आणि तक्ता दोन्ही समोर ठेवून बाबांना आणि मामाला गप्प केलं. होळीच नक्की. त्याची परीक्षा नंतर आहे, पुस्तकं सोबत नेऊ असं ठरलंय (मी यावर काही बोलत नाही). वेंगुर्ल्याच्या बाजूला दोन घरं बघितलीत. एक किनाऱ्याला चिकटून, गच्चीवर रांगेने दिवे. दुसरं माडांत, जांभ्याचं, तीन पायऱ्या, पुढे मोठी पडवी, वाळूपर्यंत सपाट पायवाट. सासूबाईंनी फोटो बघून पडवीला मत दिलंय.

कासवांबद्दल अजून एक. पिल्लं सोडताना हातात घेता येतात का? मुलगा विचारतोय.

जांभूळवाट
नाही. वनविभागाची आणि गावकऱ्यांची माणसं पिल्लं वाळूवर ठेवतात आणि ती आपली आपण पाण्याकडे चालत जातात. ते चालणं त्यांना गरजेचं असतं. माद्या मोठ्या झाल्यावर पुन्हा अंडी घालायला साधारण त्याच भागात परततात. वेळ सकाळी साताच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराची. दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश मारायचा नाही.

मुलाला सांगायला एक गोष्ट देते. २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरला 'बागेश्री' नावाच्या मादीच्या पाठीवर उपग्रह यंत्र बसवलं होतं. ती दक्षिणेकडे गेली, श्रीलंकेला वळसा घातला आणि बंगालच्या उपसागरात पोचली. आणि उलट दिशेने, २०२१ मध्ये ओडिशात पंखाला ०३२३३ क्रमांकाचा बिल्ला लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. तोवर पूर्वेची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी असंच बरेच जण धरून चालले होते.

आणखी एक. वाळूत ऊब जास्त असेल तर माद्या जास्त जन्मतात, कमी असेल तर नर. त्यामुळे हंगामातली आधीची आणि उशिराची घरटी यांत फरक पडतो. सहावीच्या मुलाला हे नक्की आवडेल.

सुकीवाळू
किनाऱ्यावर जखमी कासव किंवा डॉल्फिन आढळला तर?

जांभूळवाट
वनविभागाची मदतवाहिनी १९२६. कासवाला पाण्यात ढकलू नका. ते दमून वर आलेलं असतं, जाळ्यात पंख कापलेला असतो, पुन्हा पाण्यात ढकललं तर बुडतं. सावली करा, गर्दी हटवा, फोन करा. डॉल्फिन किंवा देवमासा असेल तर अंग ओलं ठेवायचं, पण डोक्यावरच्या श्वासाच्या छिद्रात पाणी जाऊ द्यायचं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं होतं. लोकांनी जिवाचं रान केलं, तरी ते वाचलं नाही.

टळटळीतदुपार
आणि वाळूत मेणासारखा, वासाचा गोळा सापडला तर लॉटरी लागली म्हणायचं ना?

कांदळकाठी
लॉटरी नाही, पोलीस ठाणं. व्हेलची उलटी म्हणतात ती जवळ बाळगणं किंवा विकणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. प्रवाळाचे तुकडे आणि समुद्रपंखे यांचंही तेच. 'आठवण म्हणून एकच' हे वाक्य तिथे चालत नाही. रिकामे शंखही शक्यतो राहू द्या, शंखवासी खेकड्यांना घरं लागतात.

पडवीतलीमांजर
धागा वाचनखुणेत टाकला. आम्हाला जूनमध्ये जमतंय. तेव्हा यातलं काय काय दिसेल?

पाणकावळा
जवळपास काहीच नाही. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेर पर्यटकांच्या होड्या बंद, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारीही बंद. पाणी गढूळ, खडक निसरडे. पण घरं रिकामी असतात आणि मालकाला गप्पा मारायला वेळ असतो. एक दिवस रत्नागिरीच्या झाडगावच्या मत्स्य संग्रहालयाला द्या, तिथे देवमाशाचा सांगाडा आहे. बाकी वेळ पडवीत बसून पाऊस बघा. पाण्यात उतरू नका, गावातला माणूस 'जाऊ नका' म्हणाला की वाद घालू नका.

पडवीतलीमांजर
पडवी चालेल. इन्व्हर्टरचं विचारून घेते.